पेठ वसवणाऱ्याचा वाडा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमची पेठ ज्यांनी वसवली, त्यांचा वाडा नगरपरिषदेकडे आला आहे. बाहेर माहितीफलक लावायचा आहे. छपरावरच्या कौलांवर 1865 असा ठसा आहे. बांधकामाचं वर्ष तेच धरायचं का?

धरू नका. बाझेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला ते हे वर्ष. त्यांचे कारखाने पुढे कित्येक वर्षं तोच आकडा कौलांवर उठवत होते. म्हणजे हे कौल 1865 नंतर चढलं, एवढंच त्यावरून कळतं. भिंती त्याच्या कितीतरी आधीच्या असू शकतात. माळ्यावर बॅटरी घेऊन चढा आणि भिंतींचे माथे बघा. जुन्या सऱ्यांची बुजवलेली भोकं किंवा वेगळ्या उताराची खूण दिसली, तर छप्पर नंतर बदललेलं आहे.

खरा प्रश्न वेगळाच आहे: पेठ त्यांनीच वसवली याला कागद कोणता? पेठ वसवायची तर सरकारातून कौल, म्हणजे सवलतींचा लेखी करार, मिळे. नव्याने येऊन राहणाऱ्या वाण्या-उदम्यांना, कारागिरांना काही वर्षं करात सूट आणि वसवणाऱ्याला शेटेपणाचे किंवा महाजनकीचे, म्हणजे पेठेच्या प्रमुखाचे, हक्क, असा त्याचा मजकूर. तो कौलनामा किंवा त्याची नक्कल आधी घराण्याच्या दप्तरात शोधा, मग पुणे पुरालेखागारात. इनामांची चौकशी 1852 च्या कायद्याने झाली, तेव्हा अनेक घराण्यांनी आपल्या सनदा पुढे केल्या. ते कागदही तिथेच पाहावेत. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेबरोबर चौकशी नोंदवहीचा उतारा जरूर मागा. मोजणीच्या वेळी वाड्यावर कोणी, कशाच्या आधारे हक्क सांगितला हे त्यात असतं, आणि लोक नेमका हाच उतारा मागायला विसरतात.

कागद मोडीत असेल आणि साल सुहूर सनात, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतल्या कालगणनेत, तेही अरबी शब्दांत. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे 6, 70, 100 आणि 1000, एकूण 1176. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1775. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारी ते मे महिन्यांतल्या कागदाला 600 मिळवायचे. मोडी वाचणारे जाणकार महिना नीट लावतात. घाईत केलेल्या फलकांवर मात्र एका वर्षाची चूक सर्रास दिसते.

कौलनामा सापडेपर्यंत फलकावर ‘पेठ वसवणाऱ्या घराण्याचा वाडा’ एवढंच लिहा. पेठ आजोबांनी वसवायची आणि वाडा नातवाने बांधायचा, हे नेहमीचंच.

प्रश्न: तळमजल्याच्या भिंतींचा गिलावा छातीएवढ्या उंचीपर्यंत सुटतो आहे. ठेकेदार म्हणतात, सगळं खरवडून वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा करू. चालेल का?

नाही. जुनी वीट आणि विटांमधले मातीचे किंवा चुन्याचे सांधे ओल शोषतात आणि सोडतातही. वरून सिमेंट थापलं की बाहेर पडायची वाट बंद होते. ओल आणखी वर चढते, विटेतले क्षार सिमेंटच्या आड साठतात आणि विटेचं पीठ होतं. वरून भिंत ठणठणीत दिसते. बोटाच्या पेराने वाजवा, पोकळ आवाज आला तर आत हेच झालं आहे.

आधी ओल येते कुठून ते पाहा. बहुतेक ठिकाणी थर चढून चढून रस्ता जोत्याच्या वर आलेला असतो, चौकातल्या फरशीचा ढाळ भिंतीकडे असतो किंवा पन्हळ फुटलेली असते. भिंतीलगतची माती जोत्याचा दगड उघडा पडेपर्यंत काढा आणि पाणी बाहेर काढणारा उताराचा चर ठेवा. हे न करता केलेला कोणताही गिलावा पुन्हा पडणारच.

सुटलेला गिलावा छिन्नीने हलक्या हाताने काढा. ब्रेकर मशीन वाड्यात आणूच नये. वर आलेले पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. धुतलेत तर ते विरघळून पुन्हा आत जातील. मग निदान एक उन्हाळा भिंत उघडी राहू द्या. ठेकेदाराला हे पटत नाही, कारण त्याचं बिल अडकतं. तरीही थांबा.

नव्या गिलाव्यासाठी कळीचा चुना पाण्यात टाकून विरवा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उसळून डोळ्यांत जातं, चष्मा घालाच. विरलेला चुना चाळून किमान 3 आठवडे पाण्याखाली ठेवा. कच्चे खडे राहिले तर ते गिलाव्यात मागाहून फुलतात आणि खपल्या उडतात. प्रमाण: 1 भाग चुन्याचा लगदा, 2 भाग धुतलेली रेती, 1 भाग विटेची सुरखी (भुकटी). खाडीची रेती नको, तिच्यातून क्षारच येतात. पहिला थर 12 मिलिमीटर, अंगठा रुतेनासा झाला की 8 मिलिमीटरचा दुसरा. वर ओली गोणपाटं 10 दिवस. गूळ, बेलफळ, हिरडा घालणारे कारागीर असतील तर आधी हातभर जागेवर नमुना करवून घ्या. गूळ जास्त झाला की गिलावा घट्ट होत नाही. शेवटी चुन्याचीच सफेदी पातळ हातांनी द्या. प्लॅस्टिक रंग लावलात तर सिमेंटचाच घोटाळा पुन्हा.

प्रश्न: ओसरीचे दोन खांब खाली मऊ लागतात. काढून आरसीसीचे घालावेत का?

गरज नाही. दाभण टोचत वर जा. जिथे ते शिरेनासं होतं तिथून वरचं लाकूड चांगलं आहे. खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, उभा असतो, पण नवी फरशी टाकताना तळखडा गाडला जातो आणि लाकूड ओलीत बसतं. खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली फळी घालून जॅकचा टेकू द्या. तुळई उचलायची नाही, फक्त भार घ्यायचा. कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा जोडा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या दोन ते तीन पट हवी. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. आणि तळखडा मोकळा करा, नाहीतर नवा तुकडाही कुजेल.

प्रश्न: माडीवर वस्तुसंग्रहालय करता येईल?

करता येईल, पण घराचा मजला चौरस मीटरला साधारण 200 किलोच्या हिशोबाने तपासतात आणि गर्दीच्या दालनांना 400 ते 500 किलो धरतात. कडीपाटावर, म्हणजे मजल्याखालच्या तुळया-फळ्यांवर, मातीचं भरण असेल तर तेच ओझं मोठं असतं. जुन्या लाकडी बांधकामाची माहिती असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला येईपर्यंत जड कपाटं खालीच ठेवा, माडीवर माणसं मोजून सोडा. वायरिंग लोखंडी किंवा पीव्हीसी नळीतून, लाकडाला न चिकटवता न्या. वाडा केंद्र किंवा राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत किंवा नगरपरिषदेच्या वारसा यादीत आहे का, हे काम काढण्याआधी लेखी विचारा. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरमध्ये नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. शेजारी तशी वास्तू असेल तर मागच्या अंगणातल्या तिकीटघराचा आराखडाही आधी तपासून घ्यावा लागेल.