संगीतावरच्या डॉक्युमेंटरीसाठी टीममध्ये कोण कोण लागतं? साउंडवाला वेगळा घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की गावातल्या बँडवाल्यांवर आणि भजनी मंडळांवर अर्ध्या तासाची फिल्म करायची आहे. दिग्दर्शन तुमचं, कॅमेरा मित्राचा, एडिटर ओळखीचा, म्हणजे ‘क्रिएटिव्ह टीम’ तयार आहे. ‘टेक्निकल माणसां’त साउंडवाला वेगळा घ्यावा, की आवाज कॅमेऱ्यावरच घेऊन त्या पैशात ड्रोन आणावा, हा तुमचा प्रश्न.

ड्रोन आणू नका. साउंडवाला घ्या. आणि त्याला टेक्निकल माणूस म्हणणं आधी बंद करा.

मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. काही वर्षांपूर्वी मिरजेच्या सतारमेकर गल्लीवरच्या एका फिल्मला मी होते. पाच जणांची टीम: दिग्दर्शक, कॅमेरामन, त्याचा असिस्टंट, संशोधन करणारी एक मुलगी आणि मी. मला फोन आला तो शूटच्या दोन दिवस आधी. रेकीला, म्हणजे शूटआधी जागा बघायला, बाकीचे चौघे जाऊन आले होते. कुठल्या खिडकीतून किती वाजता ऊन येतं हे त्यांनी वहीत टिपून आणलं होतं. शेजारच्या दुकानात दिवसभर रंधा चालतो, हे एकाच्याही वहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जवारीचं शूट होतं, म्हणजे तारांखालची घोडी घासून तंबोऱ्याचा सूर उघडा, गुंजता करायचं काम. तंबोरा पुरुषी, काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून लावलेला. ज्यांच्याकडे आम्ही गेलो होतो त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते, आम्हीही तेच म्हणायला लागलो. चाचांनी घोडीवर कानस फिरवली, तार चढवली, छेडली, आणि माझ्या हेडफोनमध्ये पंचम, म्हणजे ‘प’, हेलकावे खायला लागला. सेकंदाला चार हेलकावे. मला वाटलं तार उतरतेय. मग वर बघितलं, तर डोक्यावर ट्यूबलाइट, जुन्या चोकची. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असा चोक 100 वर गुणगुणतो. काळी एकचा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम 104 च्या आसपास. इतके जवळचे दोन सूर एकत्र आले की हेलकावे येतात, आणि हे दोन्ही एकमेकांना इतके चिकटून की नंतर फिल्टरने गुणगुण कापायला गेलं तर पंचमाचा पायाच जातो.

मी म्हटलं, ट्यूब बंद करा. कॅमेरामन म्हणाला, मग मला दिसणार काय? दिग्दर्शक म्हणाला, आवाजाचं एडिटला बघू. मी म्हटलं, एडिटला बघण्यासारखं यात काही नाही. आवाज चढले. चाचांनी कानस खाली ठेवली आणि म्हणाले, “ताई बरोबर बोलतायत. ट्यूब चालू असली की मी पंचम लावतच नाही. तुम्हाला उजेड लागतो म्हणून गप्प बसलो होतो.” ते उठले, ट्यूब बंद केली, तंबोरा उचलून दाराशी जाऊन बसले. सकाळचा उजेड तिरपा भोपळ्यावर पडला. तीच फ्रेम पुढे पोस्टरवर गेली.

त्यानंतर जी अकरा मिनिटं मिळाली, तशी मला पुन्हा मिळालेली नाहीत. दोन-चार हात कानस, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा कानस. शेवटी सुताचा दोरा तारेखाली घातला आणि केसाएवढा सरकवत नेला. तार आधी कोरडी, मग जराशी नाकातून बोलल्यासारखी, आणि एका जागी एकदम उघडली. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा ‘ग’, स्वच्छ ऐकू आला. चाचांनी मान हलवली. बाकी कुणाला काय झालं ते कळलं नाही, कारण हेडफोन फक्त माझ्या कानावर होता.

फिल्ममध्ये ती अकरा मिनिटं चाळीस सेकंदांची झाली. त्या चाळीस सेकंदांखाली विकतची व्हायोलिनं आहेत. वर निवेदक सांगतो की मिरजेचे जुने कारागीर फरीदसाहेब यांनी हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यं घडवायला घेतली, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, खाँसाहेब स्वतः जवारी लावण्यात वाकबगार होते. हे सगळं त्या संशोधन करणाऱ्या मुलीने जमवलेलं, आणि खरं आहे. पण जवारी म्हणजे काय हे ज्या क्षणी कानाला कळलं असतं, त्याच क्षणी कानावर व्हायोलिनं पडतात.

मी भांडले. उत्तर मिळालं: “प्रेक्षकाला एवढा धीर नसतो. आणि हा क्रिएटिव्ह निर्णय आहे, तो टेक्निकल माणसांनी घ्यायचा नाही.” पोस्टरवर दिग्दर्शक, कॅमेरा, एडिटर. मी आणि ती मुलगी शेवटच्या आभारांत, जेवण पुरवणाऱ्यांच्या खाली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तो तुकडा पुन्हा सगळीकडे फिरला, व्हायोलिनांसकट. म्हणून तुमच्या प्रश्नातले ते दोन शब्द वाचून मला राहवलं नाही.

अकरा मिनिटांची मूळ फाइल मी चाचांना नेऊन दिली. फिल्म त्यांनी एकदाच पाहिली. फाइल ते शिकाऊ पोरांना ऐकवतात, दोरा कुठे थांबवायचा ते समजावायला.

आता तुमच्या कामाचं. भजनी मंडळात माइक टाळांजवळ गेला की सगळं संपलं, टाळ बाकी सगळ्यांना खातात. माइक उंच धरा, पेटी आणि बुवांच्या बाजूने. बँडच्या ट्रम्पेटसाठी पातळी आधीच खाली ठेवा, फाटलेला आवाज कुणीही शिवून देत नाही. एक गाणं तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता रेकॉर्ड करा, चित्रं त्यावर कापता येतात. प्रत्येक जागेची एक मिनिट शांतता रेकॉर्ड करून घ्या. आणि साउंडवाला रेकीपासून हवा. शूटच्या सकाळी बोलावलेला माणूस ट्यूबलाइटशी भांडण्यापलीकडे काही करू शकत नाही. संशोधन करणारा तुमच्या गावचाच मिळाला तर उत्तम, कुठल्या मंडळात खरा पखवाजी आहे हे त्यालाच ठाऊक असतं.

पैसेच नसतील तर तुम्ही स्वतः हातात रेकॉर्डर धरा आणि त्या दिवशी मॉनिटरकडे बघू नका. बँडवाले सिनेमाची गाणी वाजवणारच. त्यांचे हक्क कंपन्यांकडे असतात, तेव्हा एडिटला बसण्याआधी चौकशी करा. वादकांचा अख्खा दिवस जातो, त्याचे पैसे द्या, नुसता चहा नको. आणि हेही सांगायला हवं की त्या दिग्दर्शकाने घरचे पैसे घालून ती फिल्म पुरी केली, नाहीतर चाचांच्या दारापर्यंत मी पोचलेच नसते. व्हायोलिनं मात्र चूकच होती.

पोस्टर कराल तेव्हा साउंडचं आणि संशोधनाचं नाव कॅमेऱ्याच्या ओळीत टाका, त्याच अक्षरात.