कलमाच्या पोटात काय लिहिलंय, ते आधी बघ

पणजी

सप्रेम नमस्कार,

तुझी अकरा मागण्यांची यादी मिळाली. म्हादई, खाणी, मोले, किनारा, झाडं, कचरा, काहीच सुटलेलं नाही. आमदाराच्या मेजावर ती मिनिटभरही टिकणार नाही, कारण त्यातलं बरंचसं पर्वरीच्या, म्हणजे गोवा विधानसभेच्या, हातात नाही. खाणपट्ट्यांचा कायदा केंद्राचा, सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) अधिसूचना केंद्राची, म्हादईचं पाणीवाटप लवादाकडचं. त्यावर विधानसभा ठराव करू शकते, कायदा नाही. जमीन, शेती आणि पंचायती मात्र राज्यसूचीत आहेत, आणि गोव्यातलं पर्यावरणाचं बहुतेक भांडण फिरून जमिनीवरच येतं. तेव्हा यादीत पहिलं नाव नगर आणि ग्राम नियोजन कायदा, १९७४ याचं टाक.

या कायद्यात २०१८ मध्ये १६-ब, २०२३ मध्ये १७(२) आणि २०२४ मध्ये ३९-अ ही कलमं आली. आराखडा कागदावर तसाच ठेवायचा आणि एकेका सर्वे नंबराचा झोन, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर, बदलायचा, ही वाट त्यांनी उघडली. १७(२) चे शब्द नीट वाच. एकीकडे ‘नजरचुकीने झालेली चूक’, दुसरीकडे ‘विसंगत झोन’. चूक दाखवायला पुरावा लागतो, विसंगत म्हणायला नुसतं मत पुरतं. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थही आकसून दिला.

‘कलम रद्द करा’ हे मागायला हरकत नाही, पण तेवढंच मागितलं तर मंत्री ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. खिशात दुसरी मागणीही असू दे. प्रादेशिक आराखडा २०२१ मधलं पहिल्या श्रेणीचं संवेदनशील क्षेत्र, म्हणजे खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन), भातशेती, जलाशय आणि २५ टक्क्यांवरचा उतार, झोनबदलाच्या कक्षेबाहेर काढा. आलेल्या प्रत्येक हरकतीला कारणांसह लेखी उत्तर द्या, आणि ते उत्तर अंतिम अधिसूचनेसोबत राजपत्रात छापा. आज हरकतीला ३० दिवस मिळतात, पण त्या हरकतीचं पुढे काय झालं हे कुणालाच कळत नाही. माझ्या मते खरी गळती इथेच आहे.

उतारावरून वाद होणारच, म्हणून तो स्वतः मोजायला शीक. २५ टक्के म्हणजे चार मीटर आडवं गेलं की एक मीटर चढ. समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) पाच मीटरच्या अंतराने काढलेल्या असतील, तर दोन रेषांमधलं आडवं अंतर २० मीटर भरलं पाहिजे. १:५००० च्या नकाशावर ते जेमतेम चार मिलिमीटर होतं. त्याहून रेषा जवळ आल्या की उतार मर्यादेबाहेर. पूर्ण भूखंडाची सरासरी काढून आकडा खाली आणतात, तेव्हा सर्वांत खड्या भागाचा छेद मागायचा. हरकतीत गाव, सर्वे नंबर, पोटविभाग, आत्ताचा झोन, मागितलेला झोन आणि एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कांचा) उतारा जोड. ‘आमचा निसर्ग वाचवा’ हे वाक्य गाळलंस तरी चालेल.

व्याख्येचं महत्त्व माडाने शिकवलं. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या व्याख्येतून २०१६ मध्ये माड वगळला, आणि माड तोडायला परवानगीच लागेना. २०१७ मध्ये तो परत घातला. बाकी कायदा दोन्ही वेळा जागच्या जागी होता! म्हणून कुठलंही विधेयक हातात आलं की आधी व्याख्या, मग अपवाद, मग ‘विहित केल्याप्रमाणे’ (म्हणजे नंतर नियमांतून ठरवू) असं जिथे जिथे आलंय ती वाक्यं वाच. उद्देशाचं कलम शेवटी वाचलं तरी चालतं.

दुसरं प्राधान्य खाजनाला. तिथला क्रम असा: भरतीला मानसाची (बांधातल्या पाणदरवाजाची) दारं पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. दार कुजलं किंवा बांधाला भगदाड पडलं की खारं पाणी शेतात शिरतं. भात जातं. मग तिथे कांदळवन उगवतं, आणि कांदळवनाला सीआरझेडचं संरक्षण असल्यामुळे शेतकरी आपलंच शेत साफ करू शकत नाही. मानसाच्या मासळीची पावणी (लिलावातला हक्क) ज्याने घेतलेली असते, त्याला आत जास्त पाणी आलेलं कधीकधी परवडतं. हेही लक्षात असू दे. सीआरझेड राज्याला बदलता येणार नाही. पण भगदाड किती दिवसांत बुजवायचं, कुळसंघटनेने (खाजन कसणाऱ्या कुळांच्या संघटनेने) न बुजवल्यास मामलेदाराने काय करायचं, खर्च पावणीच्या पैशातून कसा वसूल करायचा, हे राज्य लिहू शकतं. खाजनाला तेवढंच हवं आहे.

आता आमदाराकडे जाताना. मसुदा दोन पानांचा कर, तीन रकाने: आत्ताचे शब्द, सुचवलेले शब्द, कारण. शब्द इंग्रजीत, कारण विधेयकं इंग्रजीतच येतात. कारणाचा रकाना मराठीत किंवा कोंकणीत. खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं) शुक्रवारी घेतात आणि ते बहुधा मंजूर होत नाही, पण मंत्र्याला उठून बोलावं लागतं. त्यात नवीन प्राधिकरण घालू नकोस: राज्याच्या तिजोरीतून खर्च आला की राज्यघटनेच्या कलम २०७ खाली राज्यपालांची शिफारस लागते आणि विधेयक तिथेच अडतं. दंड ठेवायला तशी अडचण नाही. दंडाबरोबर कापलेला डोंगर किंवा भरलेलं शेत पूर्ववत करण्याची सक्ती आणि मुदत घाल, नाहीतर दंड हा परवान्याचा दर होऊन बसतो.

विधेयकाआधी प्रश्न विचारून घे. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं, सर्वे नंबरांची यादी त्याच्या परिशिष्टात मिळते. तारांकिताला तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर सभागृहात पुरवणी प्रश्न येतात, पण तिथे वेळ संपतो. यादीसाठी अतारांकित, मंत्र्याच्या तोंडून कबुलीसाठी तारांकित. अधिवेशनाची तारीख जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही, मसुदे त्याआधी तयार लागतात.

तेव्हा अकरातल्या नऊ बाजूला ठेव. ३९-अ खाली तुझ्या तालुक्यात निघालेल्या अधिसूचना राजपत्रातून काढ, गाववार मांड, आणि त्यातले भातशेतीचे सर्वे नंबर लाल शाईने वेगळे करून मला पाठव.