दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या जर्मन वास्तववादी चित्रकारांपैकी ऑटो डिक्स आणि जॉर्ज ग्रॉस यांच्याखेरीज कोणाचा अभ्यास करावा?

माझे उत्तर निःशंकपणे लोट्टे लाझरश्टाइन (1898–1993) असे आहे. डिक्स आणि ग्रॉस यांनी त्या काळाचे व्यंग निर्दयपणे उघडे पाडले, तर लाझरश्टाइन यांनी त्याच बर्लिनमधील माणसे जवळिकीने आणि आदराने रंगवली. म्हणूनच त्यांना सरसकट नववस्तुनिष्ठतेच्या, म्हणजे 1920 च्या दशकातील जर्मनीतील कोरड्या, तटस्थ वास्तववादाच्या, गटात बसवणे मला पटत नाही.

बर्लिनच्या कला अकादमीची दारे स्त्रियांना 1919 मध्ये खुली झाली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी त्या तेथे दाखल झाल्या. 1927 मध्ये शिक्षण संपवून त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. मैत्रीण ट्राउटे रोझे ही त्यांची आवडती मॉडेल होती. 1928 च्या ‘माझ्या स्टुडिओत’ या चित्रात ट्राउटे समोर विवस्त्र पहुडलेली आहे, मागे चित्रकर्ती स्वतः रंगवण्यात गढलेली आहे आणि खिडकीबाहेर बर्लिनची बर्फाच्छादित छपरे दिसतात. स्त्रीदेहाकडे पाहणारी नजरही येथे स्त्रीची आहे, आणि त्यामुळे नग्नचित्राची सारी परंपराच वेगळी भासू लागते.

त्यांची सर्वश्रेष्ठ कृती मात्र ‘पॉट्सडॅमवरील संध्याकाळ’ (1930) हीच. दोन मीटरांहून अधिक रुंदीच्या या चित्रात गच्चीवर मित्रमैत्रिणी जमल्या आहेत, पायाशी कुत्रा झोपला आहे, टेबलावर साधेसुधे खाणे आहे. पण कोणी कोणाशी बोलत नाही. पिवळ्या पोशाखातली मधली तरुणी स्वतःच्याच विचारात हरवली आहे आणि मागे बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम शहरावर ढगाळ आभाळ पसरले आहे. पुढे नाझी राजवटीत काय घडले हे ठाऊक असल्याने आपण त्या अबोलपणात भविष्यसूचन शोधतो, तरी मला त्यात प्रथम दिसतो तो त्या पिढीचा थकवा.

1933 मध्ये नाझी सत्तेवर आल्यानंतर ज्यू वंशाच्या असल्यामुळे लाझरश्टाइन यांना प्रदर्शनांची दारे बंद झाली. 1937 मध्ये स्टॉकहोममधील प्रदर्शनाच्या निमित्ताने त्या चित्रांसह स्वीडनला गेल्या आणि तेथेच राहिल्या. आई राव्हेन्सब्रूकच्या छळछावणीत मरण पावली. स्वीडनमध्ये मागणीनुसार व्यक्तिचित्रे काढून त्यांनी उदरनिर्वाह केला. त्या कामात पूर्वीची धार क्वचितच जाणवते, असे माझे मत आहे.

1987 च्या लंडनमधील प्रदर्शनाने त्यांचे नाव पुन्हा पुढे आले आणि 2010 मध्ये बर्लिनच्या नॅशनल गॅलरीने पॉट्सडॅमचे चित्र विकत घेतले. अभ्यासाची सुरुवात त्याच चित्रापासून करावी.