रविवारचं भरतं, सोमवारची बाग

भाऊ, रविवारी भजनात तुझे डोळे भरून आले, ते मी पाहिलं. लाजू नको, मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेकडे जाताना येशूही रडला होता. पण सोमवारी रावेरच्या बागेत ठिबकच्या नळ्या जोडताना तसं काहीच वाटलं नाही, मग विश्वास गेला का, असं विचारतोस. गेला नाही रे.

बायबलमधला १ राजे, अध्याय १९ वाच. आदल्याच अध्यायात कर्मेलवर अग्नी उतरताना पाहिलेला संदेष्टा एलीया इथे रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर देतो, पाणी देतो. (आपल्याकडे कळण्याची, ज्वारी-उडदाची असती.) तो खातो, परत झोपतो.

रोमकरांस पत्रात १२:११ मध्ये ‘आत्म्यात उत्सुक असा’ म्हणणारा पौल १०:२ मध्ये ज्ञानाशिवायच्या आस्थेबद्दल हळहळतो. बाप्तिस्म्यानंतर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पितरांसाठी भरायच्या घागरीवरून मी आईशी असा भांडलो की दोन दिवस तिने मला वाढलं नाही. तो आवेश कसला, नुसता तोरा.

सध्या मार्कचं शुभवर्तमान वाच, रोज थोडा, मोठ्यानं. आणि उपास-प्रार्थनेला येशील तेव्हा घरी आधी सांगून ये. तुझी आई ताट झाकून बसते.