मराठी माध्यमातून आलेय, फ्रेंच साहित्यात निभाव लागेल का?

माझ्याकडे सल्ल्याला आलेली मुलगी सांगलीकडची, पुण्यात फ्रेंच घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. सोबत वडील. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "मॅडम, फ्रेंच साहित्य वाचून पोट भरतं का?"

मुलीची काळजी वेगळीच होती. वडील चहाला बाहेर गेल्यावर ती बोलली. "वर्गातली बाकीची मुलं कॉन्व्हेंटची. त्यांना पटकन बोलता येतं. एम.ए. करून शिकवायचं, अनुवाद करायचा असं मनात आहे, पण मला झेपेल?"

ही भीती नुसत्या धीराच्या शब्दांनी जात नाही. मी स्वतः थोडं फ्रेंच शिकलेली आहे, म्हणून म्हटलं, पुढच्या वेळी तू केलेला एक पान अनुवाद आण.

तिने कथेतला एक संवाद आणला. मूळ फ्रेंचमध्ये त्यातली दोघं मध्येच आदराचं 'वू' सोडून जवळिकीच्या 'त्यू'वर येतात. तिच्या मराठीत मात्र ती दोघं शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणत होती. कारण विचारलं, तर म्हणाली, "मी आधी इंग्रजी करून घेते." इंग्रजीत दोन्हींचं 'यू' होतं, जवळीक झाल्याचा तो क्षण तिथेच सांडला होता. "आणि मराठीत?" ती थांबली. "अहोचं अरे झालं असतं." मग खूप वेळ पानाकडे बघत राहिली. फ्रेंचमध्ये निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं, याचं तिला कधी नवल वाटलं नव्हतं, हेही तिच्या लक्षात आलं. दार उघडं, खिडकी उघडी, हे ती बोलायला लागल्यापासून म्हणतच होती. तिला मी एकच काम दिलं: मधलं इंग्रजी काढून टाक, रोज दहा ओळी.

वडिलांशी मी स्पष्ट बोलले. एम.ए.ला खुल्या गटात 55 टक्के आणि मग फ्रेंच विषयात नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), ही सहायक प्राध्यापकाची पात्रता आहे; नोकरी नव्हे. कायम जागा थोड्या निघतात. तोवर अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास, तितकेच पैसे. हे लपवून मुलीला या वाटेने पाठवणं मला पटत नाही. म्हणून एम.ए. करतानाच डेल्फ बी2, जमलं तर पुढे दाल्फ सी1 या फ्रेंच भाषेच्या परीक्षा द्यायचं ठरलं; ही प्रमाणपत्रं कायमची असतात. शाळेत शिकवायचं तर बी.एड. लागेल. खासगी वर्ग आणि कंपन्यांच्या कागदपत्रांचे अनुवाद यांवर सुरुवातीचा खर्च निघू शकतो. साहित्य मात्र तिने सोडू नये, असं मी आग्रहाने सांगितलं. वाचन आटलं की शिकवणं फक्त क्रियापदांच्या तक्त्यांपुरतं उरतं.

आज ती संध्याकाळी ए1ची, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची, बॅच घेते. नेट पहिल्यांदा थोडक्यात हुकली, आता पुन्हा बसतेय. वडील अजून फोनवर विचारतात, "पर्मनंट कधी?" मीही त्यांना तारीख दिलेली नाही.