वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीला कोणतं टायर?

प्रश्न : माझी २००४ ची स्प्लेंडर आहे, तारांच्या चाकांची. रोज दुधाचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन लावून डेअरीला जातो. पावसाळ्यात काळ्या रानातून निघताना मागचं चाक घसरतं. मागे रुंद, बटणाचं (उंच सुट्या ठोकळ्यांचं) टायर टाकू का? आणि ट्यूबलेस करता येईल का? (मानवत, जि. परभणी)

उत्तर : रुंद टायरच्या नादी लागू नका. तुमच्या गाडीचं माप २.७५-१८, तेच घ्या. ३.००-१८ त्या रिमवर चढतं, पण चेन कव्हर आणि स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) यांच्याजवळ जागा उरत नाही. जुनी चेन ताणलेली असते, चाक मागे ओढलेलं असतं, म्हणून दुकानात सगळं ठीक दिसतं. नवी चेन टाकली की चाक पुढे सरकतं आणि टायर घासायला लागतं.

तुम्ही बघायचा तो मापापुढचा आकडा. ४२ म्हणजे त्या टायरची क्षमता १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो. दोन भरलेले कॅन म्हणजे नुसतं दूधच ४० किलोच्या वर, शिवाय तुम्ही आणि गाडीचं मागचं वजन. मागे ४८ चंच टाका. हवाही त्या हिशेबाने : चेन कव्हरवर स्टिकर शाबूत असेल तर तो पाळा. एरवी पुढे २५ पीएसआय (हवेच्या मीटरवरचा आकडा), मागे एकट्याला २८ ते ३२ आणि दोघं किंवा कॅन असतील तेव्हा ४० च्या आसपास. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.

बटणाच्या टायरचं खरं सांगायचं तर काळी चिकणमाती त्याच्याही खाचा भरून टाकते. शेतरस्ता एक किलोमीटर आणि डांबर दहा किलोमीटर असेल, तर बटणं लवकर झिजतात आणि ओल्या डांबरावर ब्रेक कमी लागतो. मागे मध्यम खोल ठोकळ्यांचं, पुढे सरळ रेघांचं टायर ठेवा. पुढे रुंद टायर घातलं तर मडगार्डमध्ये चिखल गच्च बसून चाकच अडतं.

ट्यूबलेसचं : तारांच्या रिमला निपलच्या (तार रिमला आवळणाऱ्या नटाच्या) भोकांतून हवा जाते, म्हणून आत ट्यूब हवीच. ट्यूबलेस टायर आत ट्यूब घालून चालवता येतं, पण पंक्चर झालं की हवा ट्यूबसारखीच भसकन जाणार. त्याचे जादा पैसे नवी ट्यूब आणि रिमच्या आतल्या रबरी पट्टीवर घाला. पट्टी कुजली की निपलचं टोक ट्यूबला टोचतं. आणि वेड्या बाभळीचा काटा निघाला तरी त्याचं टोक टायरमध्ये मोडून राहतं. पंक्चरवाल्याला टायरच्या आतून कापड फिरवायला लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा पंक्चर.

प्रश्न : टायर ताजं आहे हे कसं ओळखायचं? (रेणापूर, जि. लातूर)

उत्तर : बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३२२३ म्हणजे २०२३ चा ३२ वा आठवडा. एका बाजूला दिसले नाहीत तर टायर उलटून बघा. पाच वर्षं जुनं असेल तर फुकट दिलं तरी नको. मराठवाड्यातल्या उन्हात रबर कडक होतं. नक्षी खोल असून बाजूला बारीक भेगा असतील तर ते टायर संपलेलंच.

प्रश्न : पुढे नवं टायर टाकल्यापासून ताशी ४० च्या वर हँडल थरथरतं. टायर खराब का? (भोकरदन, जि. जालना)

उत्तर : बहुतेक नाही. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक उठलेली रेघ असते. चाक फिरवत ती सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का बघा. एका जागी ती रिममध्ये बुडालेली असेल तर टायर नीट बसलेलं नाही. हवा सोडा, कडेला साबणाचं पाणी लावा, ४० पर्यंत हवा भरा, रेघ बाहेर आली की २५ वर आणा. रेघ ठीक असेल तर फोर्कजवळ खडू धरून चाक फिरवा. रिम २ मिलिमीटरहून जास्त डुलत असेल तर तारा आवळून घ्या. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना, तेही बघा. एवढं करूनही थरथर राहिली तर चाकाचं बेअरिंग आणि हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) उघडायला सांगा.