आडनावाआधी बापाचं नाव

शालोम पोरी,

आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घराण्याची मुळं शोधतेयस, ते तुझं पत्र मिळालं. आपले पूर्वज कोकणात कसे आले त्याची ती आख्यायिका, फुटलेलं गलबत, नवगावचा किनारा, वाचलेली सात जोडपी, सगळं पहिल्याच पानात आलं! तिथवर पोचायची घाई करू नकोस. तिथे नेणारे कागदच नाहीत. तुझे पणजोबा मुंबईहून इस्राएलला गेले, तिथून उलटं चालत ये. एक पिढी पक्की झाल्याशिवाय मागची धरायची नाही.

खरी गोची नावांची आहे. गावच्या कागदात जो ‘समाजी इसाजी पेणकर’, तोच मुंबईत नोकरीला लागला की ‘सॅम्युअल आयझॅक’ होतो आणि इस्राएलात ‘श्मुएल यित्सहाक’. पेणकर मधेच कुठेतरी गळालेलं असतं. नुसतं आडनाव धरून बसलीस तर भलताच माणूस पणजोबा म्हणून गळ्यात पडेल. त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव, तिन्ही जुळली तरच तो आपला. पेणकर म्हणून पेणलाच राहत असतील असंही समजू नकोस. आडनावाचं गाव सोडून कैक पिढ्या झालेल्या असतात.

म्हणून मी बायकांच्या बाजूने शोध घ्यायला सांगतो. पणजीची केतुबा, म्हणजे लग्नाचा अरामी भाषेतला करारनामा, मिळाली तर उत्तमच: नवरा-नवरी, दोघांच्या बापांची नावं, तारीख, ठिकाण, सगळं एका कागदावर. घरात नसेल तर जिथे लग्न लागलं तिथल्या लग्नाच्या वहीची चौकशी कर. आजी ‘जुनी मशीद’ म्हणाली तर गोंधळू नकोस. ते मुंबईचं शाअर हारहामिम, १७९६ सालचं आपलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ. आणि आजीला एकटीला गाठून प्रश्न विचारू नकोस. मलिद्याला, म्हणजे आपल्या त्या नवसाच्या-आभाराच्या विधीला, चारजणी जमल्या की विचार. एक चुकली की दुसरी टोकते, आणि कुणाची नणंद कुठे दिली होती ते आपोआप बाहेर येतं.

कबरीचा दगड वाचताना खडू घासू नकोस, दगड खराब होतो. थोडं पाणी शिंपड आणि ऊन तिरपं असताना फोटो काढ. मराठी मजकूर पुसट झाला असेल तर हिब्रू अक्षरांतलं वर्ष बघ. ताव, रेश, आयिन असं असेल तर ४००, २०० आणि ७०, म्हणजे ६७०. वरचे पाच हजार बहुधा लिहीत नाहीत. त्यात १२४० मिळव: १९१०. महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव (हिब्रू वर्षाचे पहिले तीन), किंवा तेवेतचे सुरुवातीचे दिवस असतील तर मात्र १९०९, कारण हिब्रू वर्ष पावसाळा सरता सरता बदलतं.

जमिनीचे कागद मागवशील तर जिल्हा कुलाबा लिहिलेला दिसेल; रायगड हे नाव १९८१ पासूनचं. आपण तेल गाळायचो आणि शनिवारी काम बंद ठेवायचो, म्हणून गावात आपल्याला शनवार तेली म्हणत, तेव्हा नुसतं ‘तेली’ दिसलं म्हणून पान उलटू नकोस.

आणखी एक. तुझ्याकडच्या, इस्राएलच्या नोंदींत पणजोबांच्या येण्याची दोन वर्षं निघाली तर त्यांना दोन माणसं समजू नकोस. १९५२ मध्ये आपली काही कुटुंबं तिथल्या अधिकाऱ्यांशी भांडून भारतात परतली होती, आणि त्यातली बरीच पुढे पुन्हा इस्राएलला गेली. आजीला हे नाजूकपणे विचार. त्या काळाबद्दल बोलायला सगळ्यांनाच आवडत नाही.

मोडीतला कागद हाती लागला तर फोटो पाठव, मी वाचून देतो. केतुबातलं अरामी तुझ्या तिकडच्यांकडून वाचून घे.

तुझा,
काका